चोरीचं हस्तलिखित ओळखायचं कसं? लेओपोल्ड देलील यांचं काम, सोप्या शब्दांत

फेब्रुवारी 1888मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 166 जुनी हस्तलिखितं विकत घेतली. दीड लाख फ्रँक रोख मोजले, शिवाय 14व्या शतकातला एक सचित्र जर्मन काव्यसंग्रह हातचा दिला. विकत घेतली हे आपलं व्यवहाराच्या भाषेत. ही हस्तलिखितं फ्रान्सच्याच ग्रंथालयांतून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पळवलेली होती. मुख्य चोर कोण हे कोर्टाने केव्हाच ठरवलं होतं. अडचण वेगळीच होती. इंग्लंडमधल्या एका लॉर्डच्या कपाटात असलेला अमुक ग्रंथ म्हणजे तूर शहरातून गेलेला तोच ग्रंथ, हे दाखवायचं कसं? मालकीच्या खुणा खरवडलेल्या, बांधणी बदललेली, वर खोट्या मालकाचं नाव लिहिलेलं. हे ज्यांनी दाखवून दिलं ते त्या ग्रंथालयाचे प्रमुख होते: लेओपोल्ड देलील (1826–1910), मध्ययुगाचे इतिहासकार आणि पेशाने पुराभिलेखपाल.

इतिहासकार म्हटलं की आपल्याला लढाया, राजे, जाडजूड ग्रंथातले सिद्धांत आठवतात. देलील त्या जातीचे नव्हते. हा कागद कुणी, कुठे, कधी लिहिला आणि कुणाकुणाच्या हातांतून तो इथवर आला, एवढंच त्यांनी साठ वर्षं विचारलं. प्रश्न रुक्ष वाटतो. पण त्याचं उत्तर हाती नसेल तर त्या कागदावर उभा केलेला कुठलाही इतिहास वाळूवरचा. चोरीचा छडा लागला तोही याच प्रश्नामुळे.

आधी नकला, मग शाळा

देलील यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1826चा, नॉर्मंडीतल्या व्हालोन्य या लहानशा गावातला. गावात शार्ल द जेर्व्हिल नावाचे म्हातारे पुरातत्त्वप्रेमी राहत. त्यांनी परिसरातल्या मठांच्या सनदांचा मोठा संग्रह केला होता. तरुण लेओपोल्डला त्यांनी नकला करण्याच्या कामाला लावलं आणि जुनं वळण वाचायला शिकवलं. आज कुणाला जुन्या लिपीचं वाचन शिकायचं असेल तरी हाच रस्ता सरळ आहे: आधी शेकडो पानं अक्षर न् अक्षर उतरवून काढायची, नियम मागाहून. नक्कल करताना डोळ्याला जे दिसतं ते नुसतं वाचताना निसटतं. लेखनिकाने शब्द कुठे आखडला, शाई कुठे बदलली, एखादी ओळ कुठे नंतर घुसडली, हे हात चालवल्याशिवाय कळत नाही.

तिथून ते पॅरिसच्या ‘एकोल दे शार्त’मध्ये गेले. ही शाळा 1821मध्ये सुरू झाली ती निकडीपोटी. राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली, मठांची दप्तरं आणि ग्रंथ गाड्या भरभरून सरकारी कोठारांत आले. 1796च्या कायद्याने ही दप्तरं प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी एकत्र करायची ठरली. पण ती वाचणारे विद्वान साधू पांगले होते आणि नव्या पिढीला ती अक्षरं लागत नव्हती. म्हणून या शाळेत लिपिवाचन, सनदांची चिकित्सा, मोहरांचा अभ्यास, कालगणना, जुनी फ्रेंच आणि मध्ययुगीन लॅटिन शिकवत. शेवटी प्रबंध लिहायचा; तो मान्य झाला की ‘आर्शिव्हिस्त पालेओग्राफ’, म्हणजे पुराभिलेखपाल व लिपितज्ज्ञ, ही पदवी. फ्रान्समधल्या सरकारी दप्तरखान्यांचे प्रमुख पिढ्यानपिढ्या याच शाळेतून आले. देलील 1849मध्ये बाहेर पडले. प्रबंधाचा विषय होता 12व्या शतकातल्या नॉर्मंडीचा सरकारी महसूल.

दोन वर्षांनी, पंचविशीच्या आत, त्यांनी मध्ययुगातल्या नॉर्मंडीतले शेतकरी आणि शेती यांवर मोठं पुस्तक काढलं. खंडपट्टे, मठांचे हिशेब, वेठीच्या याद्या, असल्या नीरस कागदांतून त्यांनी पिकं, खतं, अवजारं, मजुरी आणि कुळांचे हक्क शोधून काढले. नॉर्मंडीत भूदासत्व फ्रान्सच्या इतर भागांपेक्षा लवकर नाहीसं झालं, हे त्यांनी दाखवलं. शिवाय 13व्या शतकातला शेतकरी 19व्या शतकातल्या लहानशा शेतावर येऊन उभा राहिला तरी फारसा चकित होणार नाही, असंही मत मांडलं. या दुसऱ्या मतावर पुढे बराच वाद झाला. पुस्तकातली कागदपत्रं मात्र अजून वापरात आहेत. देलील यांच्या बहुतेक लिखाणाचं असंच झालं आहे.

1852च्या अखेरीस ते ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात नोकरीला लागले, 1874मध्ये सगळ्या ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि 1905पर्यंत त्या खुर्चीवर होते. 1857मध्ये ते फ्रान्सच्या शिलालेख व साहित्य अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं लॉर ब्युर्नुफ यांच्याशी. ब्युर्नुफ हे आडनाव भारतविद्येच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक असतं. लॉरचे वडील यूजेन ब्युर्नुफ यांनी भागवत पुराणाचा आणि सद्धर्मपुंडरीकाचा फ्रेंच अनुवाद केला आणि युरोपात बौद्ध धर्माच्या अभ्यासाचा पाया घातला. जुन्या पोथ्या लॉर यांच्या घरातच होत्या. त्या नवऱ्याच्या कामात बरोबरीने राबल्या, आणि वडिलांची निवडक पत्रं त्यांनी 1891मध्ये छापून आणली.

तारीख लावणं

आता थोडं तंत्र, कारण देलील समजायचे तर हे टाळून चालत नाही.

मध्ययुगीन सनदेवर तारीख असली तरी ती आपल्या तारखेशी जुळतेच असं नाही. फ्रान्सच्या राजाच्या कचेरीत नवं वर्ष 1 जानेवारीला नव्हे, ईस्टरला सुरू होई. म्हणून सनदेवर ‘फेब्रुवारी 1213’ असेल तर आपल्या हिशेबाने ते 1214. मराठी वाचकाला हे नवं नाही. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551. शकात 78 मिळवले तर 1629 येतं, पण फाल्गुन इसवी सनाच्या पुढच्या वर्षात पडतो, म्हणून 79 मिळवून 1630 धरायचं. फरक इतकाच की पाडव्याची तिथी ठरलेली, तर ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कुठेही फिरतो. त्यामुळे काही वर्षांत एप्रिलचे पहिले दिवस दोनदा येतात, तर काही वर्षांत ते येतच नाहीत. जपून लिहिणारा लेखनिक अशा वेळी ‘ईस्टरपूर्वी’ किंवा ‘ईस्टरनंतर’ असं जोडतो. ज्याने जोडलं नाही त्याच्या सनदेसाठी दुसरा पुरावा शोधावा लागतो.

देलील यांनी 1856मध्ये फिलिप ऑगस्टस राजाच्या सनदांची कालानुक्रमे यादी छापली. ती करायची गरज का पडली, हे पाहण्यासारखं आहे. राजाने दिलेली सनद ज्याला दिली त्याच्याकडे राही. राजाकडे नक्कल असेलच असं नव्हे. त्यातून 1194मध्ये फ्रेतव्हालला इंग्लंडच्या रिचर्डने फिलिपचं सामान लुटलं, त्यात त्याची मोहोर आणि कागदपत्रंही गेली. म्हणजे राजाचा कारभार समजायचा तर शेकडो मठांच्या, गावांच्या, सरदारांच्या दप्तरांतून त्याचे कागद वेचून आणायचे, आणि मग एका माळेत ओवायचे. माळेत ओवले की कागद एकमेकांवर साक्ष देतात. सनदेवर इसवी सन असतो, राज्यारोहणाचं वर्ष असतं (फिलिपचा अभिषेक 1 नोव्हेंबर 1179चा), दरबारातल्या अधिकाऱ्यांची नावं असतात. 1185नंतर चान्सेलरची, म्हणजे राजाच्या कचेरीच्या प्रमुखाची, जागा रिकामी होती आणि सनदांवर तसं स्पष्ट लिहिलेलं असे. तेव्हा 1190ची म्हणवणारी आणि चान्सेलरचं नाव मिरवणारी सनद समोर आली की ती बनावट आहे किंवा नक्कल करणाऱ्याने गोंधळ घातला आहे, असं धरून पुढे जायचं.

याहून गंमतशीर प्रकरण इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचं. हा 1154 ते 1189 इंग्लंडचा राजा आणि त्याच वेळी नॉर्मंडीचा ड्यूक. त्याच्या सनदांवर साक्षीदार असतात, ठिकाण असतं, वर्ष मात्र नसतं. पारंपरिक तोडगा साक्षीदारांवरून: ‘चान्सेलर टॉमस’ (म्हणजे थॉमस बेकेट) साक्षीला असेल तर सनद 1155 ते 1162मधली, कारण तो त्याच काळात त्या पदावर होता. पण साक्षीदार नेहमी इतके ठळक नसतात. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या देलील यांच्या लक्षात आलं की काही सनदांत राजा स्वतःला नुसतं ‘इंग्रजांचा राजा’ म्हणवतो आणि काहींत ‘ईश्वरकृपेने (लॅटिनमध्ये ‘देई ग्रातिया’) इंग्रजांचा राजा’. साक्षीदारांवरून ज्यांचा काळ पक्का होता त्या सनदा दोन गटांत लावल्यावर दिसलं की ‘ईश्वरकृपेने’ हे शब्द 1172–73च्या सुमारास आले आणि मग कायम राहिले. दोन शब्दांनी पस्तीस वर्षांच्या ढिगाचे दोन भाग पडले.

यात एक खड्डा आहे. ही कसोटी फक्त मोहोर लावलेल्या मूळ सनदेलाच लागू पडते. बऱ्याच सनदा मठांच्या नक्कलवह्यांतच उरल्या आहेत, आणि 13व्या शतकात नक्कल करणाऱ्या साधूला ‘ईश्वरकृपेने’ लिहायची इतकी सवय झालेली असे की मुळात नसलेले शब्द तो सहज घालून मोकळा होई. कधी उलट, लांबलचक बिरुदं आखडताना ते गाळलेही जात. म्हणून आधी मूळ की नक्कल हे ठरवायचं, मगच शब्द मोजायचे. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी या शोधावर सुरुवातीला शंका घेतली, पण मूळ सनदा तपासल्यावर तो टिकला.

दुसऱ्या पानाचा पहिला शब्द

सनद एकदाच लिहिली जाते. ग्रंथाच्या मात्र अनेक प्रती असतात, आणि त्यातली नेमकी कोणती प्रत कुठली हे सांगणं अवघड असतं. बायबलच्या शंभर प्रती घेतल्या तर शंभरांची सुरुवात तीच. मध्ययुगीन ग्रंथपालांनी यावर फार हुशार उपाय काढला होता. यादीत ते ग्रंथाच्या दुसऱ्या पानाचा पहिला शब्द टिपून ठेवत, पुष्कळदा शेवटच्या पानाचाही. हाताने लिहिताना प्रत्येकाच्या अक्षराचा आकार निराळा, ओळी निराळ्या, म्हणून पहिलं पान कुठे संपेल हे प्रत्येक प्रतीत वेगळं. दुसऱ्या पानाचा पहिला शब्द म्हणजे त्या प्रतीची ओळखखूणच.

फ्रान्सचा पाचवा शार्ल 14व्या शतकात लूव्हर महालात मोठं ग्रंथालय बाळगून होता. 1373मध्ये त्याची पहिली यादी झाली, 15व्या शतकाच्या सुरुवातीला आणखी झाल्या, आणि 1425मध्ये सगळा संग्रह इंग्रज बेडफर्डच्या ड्यूककडे गेला. तिथून पुस्तकं युरोपभर विखुरली. देलील यांनी याद्यांतले हे शब्द हाताशी धरले आणि मिळेल तिथल्या हस्तलिखिताचं दुसरं आणि शेवटचं पान उघडून पाहत एकेक ग्रंथ ओळखला. त्यांचं त्यावरचं पुस्तक 1907चं. पण कामाचं बीज त्यांच्या ‘काबिने दे मान्युस्क्री’ या तीन खंडी ग्रंथात (1868–81) आहे. तो सलग वाचायला घेऊ नये, झोप येईल; कुठलं हस्तलिखित कुणाकडून ग्रंथालयात आलं हे हुडकताना मात्र अजूनही त्याच्याकडे वळावं लागतं.

अक्षराचं वळण ओळखायलाही असाच एक पक्का आधार लागतो. नुसतं ‘हे वळण 12व्या शतकातलं वाटतं’ म्हणणं म्हणजे अंदाज. देलील यांनी मृत्युपत्रकांच्या गुंडाळ्यांकडे लक्ष वेधलं. मठाचा प्रमुख वारला की एक निरोप्या चर्मपत्राची गुंडाळी घेऊन मठामठांतून फिरे, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्यावर प्रार्थनेचा मजकूर लिही. साविन्यी मठाचा प्रमुख व्हिताल याच्या गुंडाळीवर 1122–23 या काळात फ्रान्स-इंग्लंडमधल्या ठिकाणांचे 207 मजकूर जमले आहेत. ठिकाण ठाऊक, वर्ष ठाऊक, हात वेगवेगळे. वळणांचा इतका खात्रीचा नमुना दुसरा मिळणं कठीण. देलील यांनी तो 1909मध्ये छायाप्रतींसह छापला.

लिब्रीचे उद्योग

ग्युलिएल्मो लिब्री हा इटालियन काउंट, चांगला गणितज्ञ, आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सदस्य. 1841मध्ये फ्रेंच सरकारने प्रांतोप्रांतीच्या ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांची एकत्र यादी करायला समिती नेमली आणि लिब्रीला तिचा चिटणीस केलं. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. प्रांतातली अवस्था अशी की क्रांतीत जप्त झालेले ग्रंथ पन्नास वर्षं ढिगात पडून, याद्या अर्धवट, पानांवर क्रमांक नाहीत, ग्रंथपाल बहुधा हौशी. पॅरिसहून आलेल्या सरकारी विद्वानाला ते एकटं सोडून जात.

लिब्रीने 1847मध्ये सुमारे 1,900 हस्तलिखितं इंग्लंडच्या लॉर्ड अ‍ॅशबर्नहॅमला 8,000 पौंडांना विकली. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये नवी क्रांती होताच तो पेट्या भरभरून लंडनला पळाला, आणि 1850मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो विद्वान होता, मोठ्या लोकांत वावरलेला होता, म्हणून त्याचा कैवार घेणारेही निघाले. लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी तर त्याच्या बाजूने असा लेख लिहिला की त्यांनाच पंधरा दिवस कैदेत काढावे लागले. दरम्यान याच लॉर्डने 1849मध्ये जोझेफ बार्वा नावाच्या दुसऱ्या फ्रेंच संग्राहकाकडून 702 हस्तलिखितं 6,000 पौंडांना घेतली. त्यातली कित्येक पॅरिसच्या ग्रंथालयातून फाडून नेलेली होती, हे देलील यांनी 1866मध्ये दाखवलं.

चोरीचं हस्तलिखित ओळखायची पद्धत अशी. चर्मपत्राचे साधारण चार ताव एकात एक घालून दुमडले की आठ पानांची एक जुडी होते. अशा जुड्या शिवून ग्रंथ बनतो. जुन्या ग्रंथांत जुडीच्या शेवटी पुष्कळदा तिचा क्रमांक असतो. ग्रंथालयात उरलेल्या ग्रंथात सातवी जुडी संपून बारावी लागत असेल, तर आठ ते अकरा कुठेतरी आहेत. मग संशयित तुकड्यात पाहायचं: ओळी तितक्याच आहेत का, आखणीसाठी टोचलेली छिद्रं त्याच अंतरावर आहेत का, आणि या तुकड्याच्या पहिल्या शब्दाला त्या ग्रंथाचं तुटलेलं वाक्य जुळतं का. पानाची लांबी-रुंदी हा कच्चा पुरावा, कारण नव्याने बांधताना कडा छाटतात. आखणी, छिद्रं आणि वाक्य यांत मात्र हात घालता येत नाही.

लियोंच्या ग्रंथालयातल्या एका अतिप्राचीन लॅटिन बायबलचं प्रकरण असंच. त्यातून ‘लेव्हिटिकस’ आणि ‘नंबर्स’ हे दोन भाग गायब होते, आणि लिब्रीने लॉर्डला नेमके हेच दोन भाग स्वतंत्र ग्रंथ म्हणून विकले होते. देलील यांनी 1878मध्ये ते जुळवून दाखवलं. जुना लॉर्ड त्याच वर्षी वारला होता. त्याच्या मुलाने 1880मध्ये ती पानं लियोंला फुकट परत केली. 1895मध्ये त्याच ग्रंथाचा आणखी एक हरवलेला तुकडा एका खासगी संग्रहात सापडला. तो ओळखणारेही देलीलच.

सगळी प्रकरणं इतकी सरळ नव्हती. लिब्री खुणा पुसण्यात तरबेज होता. फ्रान्समधल्या फ्लरी मठाचं नाव असलेल्या ठिकाणी थोडी अक्षरं खरवडून, थोडी नवी घालून त्याने ‘फ्लॉरेन्स’ करून ठेवलं होतं. लॅटिनमध्ये दोन्ही नावांची सुरुवात सारखी, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला संशय येत नाही. पानांचा क्रम बदलायचा, दोन ग्रंथांचे तुकडे एकत्र शिवायचे, इटालियन धाटणीची बांधणी करायची, हेही त्याचे उद्योग. पण खरवडलेली जागा चर्मपत्रावर लपत नाही. पृष्ठभाग खडबडीत होतो, शाई पसरते, आणि तिरप्या उजेडात जुने फराटे दिसतात. त्या काळी पुसलेली अक्षरं उमटवायला मायफळाचा अर्क लावायची रीत होती. क्षणभर अक्षर दिसे, मग ती जागा कायमची तपकिरी-काळी पडे. या नादात युरोपभर कितीतरी पानांची नासाडी झाली आहे. आजचे संवर्धक त्या जागी अतिनील प्रकाश वापरतात.

देलील यांचा खरा आधार वेगळाच होता: चोरीआधीच्या याद्या. 17व्या-18व्या शतकांत विद्वान साधूंनी प्रांतातले ग्रंथसंग्रह पाहून टिपणं केली होती, कुठला ग्रंथ कुणाकडे, आत काय, सुरुवात कशी. ही टिपणं हस्तलिखित विभागातच पडून होती आणि देलील यांना ती पाठ म्हणावीत इतकी परिचयाची होती. लिब्रीच्या विक्रीच्या यादीशेजारी ती टिपणं ठेवली की एकेक ग्रंथ बोलू लागे. 1883मध्ये त्यांनी लिब्रीच्या संग्रहातल्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांवर तपशीलवार लेख छापला. त्याचा परिणाम बाजारावर झाला, तो असा: नवा लॉर्ड संग्रह विकायला काढत होता, आणि जो ग्रंथ चोरीचा म्हणून जाहीर झाला आहे तो कुठलं मोठं ग्रंथालय घेणार? ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी 45,000 पौंड देऊन स्टो नावाचा संग्रह तेवढा उचलला. पुढच्या वर्षी इटलीने लिब्रीच्या संग्रहातला मोठा भाग नेला. फ्रान्सचे चोरीचे ग्रंथ राहून गेले.

शेवटचा व्यवहार स्ट्रासबुर्गच्या कार्ल ट्र्यूब्नर या पुस्तकविक्रेत्याने जुळवला. जर्मनीतल्या हायडलबर्गला आपला मानेस काव्यसंग्रह (सुरुवातीला सांगितलेला तोच) परत हवा होता, जो 17व्या शतकात तिथून बाहेर पडून पॅरिसला आला होता. ट्र्यूब्नरने लॉर्डकडून 166 ग्रंथ घेतले, पॅरिसला दिले, आणि बदल्यात काव्यसंग्रह व दीड लाख फ्रँक घेतले. सरळ मार्गाने मिळालेली वस्तू देऊन चोरीला गेलेली वस्तू सोडवायची, हे मनाला खटकतं खरं. पण इंग्लंडमध्ये खटला चालवून पैसे देऊन घेतलेला माल परत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं, आणि देलील हिशेबी होते. त्यांनी जे सोडवलं त्यात तूरहून गेलेला, प्राचीन चित्रांचा ‘अ‍ॅशबर्नहॅम पेंटाट्यूक’ होता (पेंटाट्यूक म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं). नाव अजून लॉर्डचंच चिकटलेलं आहे.

अनुमान कुठे सुरू होतं

देलील यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध मात्र पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत पक्का नव्हे. बेरीचा ड्यूक 1416मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्यात एका पेटीत ठेवलेल्या, पोल आणि त्याचे भाऊ तयार करत असलेल्या, अतिशय श्रीमंती चित्रांच्या प्रार्थनाग्रंथाच्या सुट्या जुड्यांची नोंद आहे, किंमत 500 लिव्ह्र. ओमालच्या ड्यूकने 1856मध्ये इटलीत एक अप्रतिम प्रार्थनाग्रंथ विकत घेऊन शांतिय्यीच्या किल्ल्यात ठेवला होता. नोंदीतला ग्रंथ तो हाच, असं देलील यांनी 1884मध्ये मांडलं. ‘त्रे रिश अर’ हे आज सगळ्यांच्या ओळखीचं नाव त्या नोंदीतूनच त्याला चिकटलं, आणि लिंबूर्ग भावांचं, म्हणजे नोंदीतल्या पोल आणि त्याच्या भावांचं, कर्तृत्वही त्या नोंदीवरच उभं आहे. इथे दुसऱ्या पानाचा शब्द नाही. ड्यूकची कुलचिन्हं, अर्धवट राहिलेलं काम आणि चित्रांचा थाट, इतकंच जुळतं. जवळपास सगळे अभ्यासक हे मानतात. तरी हे अनुमान आहे हे विसरू नये.

प्रशासक म्हणून त्यांचा बाणा एकच: अपुरी का होईना, पूर्ण यादी लवकर काढा. सेंट जर्मेन, सेंट व्हिक्टर, सोर्बोन वगैरे वेगवेगळ्या संग्रहांतली लॅटिन हस्तलिखितं एका क्रमांकमालेत आणल्यावर 8823 ते 18613 या क्रमांकांची, म्हणजे जवळजवळ दहा हजार नोंदींची यादी त्यांनी 1863 ते 1871 या काळात छापली. प्रत्येक ग्रंथाला जेमतेम एखाद-दोन ओळी. तज्ज्ञांना त्या तुटपुंज्या वाटतात, पण सविस्तर वर्णनाची वाट पाहिली असती तर आणखी पन्नास वर्षं कुणाला काय आहे तेच कळलं नसतं. आणि यादीत नसलेला ग्रंथ चोरीला गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, हे लिब्रीने सगळ्यांना शिकवलंच होतं.

छापील पुस्तकांची मोठी यादी त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. पहिला खंड 1897चा, शेवटचा, 231वा, 1981चा. ती वापरताना एक गोष्ट नेहमी नडते: अक्षरक्रमाने खंड निघत गेल्यामुळे ‘ए’ने सुरू होणाऱ्या लेखकाचं 1905चं पुस्तक तिच्यात मिळत नाही, ‘झेड’वाल्याचं मात्र मिळतं. निनावी पुस्तकं तर मुळातच वगळलेली. म्हणजे या यादीत नाही म्हणून ग्रंथालयात नाही, असं समजायचं नाही.

लॉर 1905मध्ये गेल्या, नोकरीही त्याच वर्षी संपली, पण लिहिणं थांबलं नाही. दुसऱ्या हेन्रीच्या सनदांच्या ग्रंथाची प्रस्तावना 1909मध्ये छापून झाली. उरलेलं काम एली बेर्जे यांनी पुढे नेलं. जुलै 1910मध्ये शांतिय्यीला देलील वारले.

त्यांच्या ग्रंथालयसेवेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1902मध्ये, त्यांच्या सन्मानार्थ ट्युरिनमधल्या बेरीच्या ड्यूकच्याच एका प्रार्थनाग्रंथाच्या 45 चित्रित पानांच्या छायाप्रती पुस्तकरूपाने निघाल्या. जानेवारी 1904मध्ये ट्युरिनच्या ग्रंथालयाला आग लागली आणि मूळ ग्रंथ जळाला. त्या चित्रांचा अभ्यास आज त्या पुस्तकावरूनच होतो. देलील ज्या मांश जिल्ह्याचे, तिथलं सेंट-लो इथलं दप्तर 6 जून 1944च्या बाँबहल्ल्यात भस्म झालं, मध्ययुगीन सनदांसकट. आता तिथल्या मठांचा इतिहास लिहिणारे जेर्व्हिल, देलील आणि इतरांनी 19व्या शतकात उतरवलेल्या नकला वापरतात. नक्कल कितीही काळजीची असली तरी मोहोर, छिद्रं आणि खरवडलेली जागा तिच्यात उतरत नाही, त्यामुळे त्या सनदांतली संशयास्पद कोणती हे ठरवणं आता फार अवघड झालं आहे.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचं आहे त्यांच्यासाठी: अ‍ॅशबर्नहॅम पेंटाट्यूकचा सध्याचा क्रमांक ‘नुव्हेल आक्विझिस्यों लातीन 2334’ असा आहे. ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की पानं फुकट पाहता येतात. देलील यांची बहुतेक पुस्तकंही तिथेच आहेत. फ्रेंच येत नसेल तर ‘काबिने दे मान्युस्क्री’च्या चित्रखंडापासून सुरुवात करावी. त्यातले निरनिराळ्या शतकांतल्या वळणांचे नमुने भाषा न समजताही पाहता येतात.